एका दिवसात दोन दिवस

दरवर्षी १५ मेच्या सुमारास बीड शहरात भरदुपारी एक चमत्कार घडतो. तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण त्या वेळी पाहायला घराबाहेर कोणी नसतं. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेचा ध्वजस्तंभ, चौकातला विजेचा खांब, अंगणात उभी केलेली पहार, सगळ्यांची सावली बुडाशी गोळा होते आणि दिसेनाशी होते. सूर्य त्या क्षणी बरोबर माथ्यावर असतो.

हा माथ्यावरचा सूर्य मे महिन्यात दिवसाला साधारण पंचवीस किलोमीटर उत्तरेकडे सरकत असतो. अंबाजोगाईवर तो बीडच्या एक दिवस आधी येतो, गेवराईवर एक दिवस नंतर. अंबाजोगाईहून गेवराईला एसटी अर्ध्या दिवसाच्या आत पोचते, सूर्याला मात्र दोन दिवस लागतात.

त्या क्षणी घड्याळ बघितलं तर आणखी एक गंमत कळते. बारा वाजून साधारण तेवीस मिनिटं झालेली असतात. आपलं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. बीड तिथून पावणेसात अंश पश्चिमेला, आणि एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणून तो सत्तावीस मिनिटं उशिरा येतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि कक्षाही पुरती गोल नाही, त्यामुळे मेच्या मध्याला त्यातली तीन-चार मिनिटं परत मिळतात.

इतकं होऊनही दिवसाचा सर्वांत तापलेला क्षण अजून आलेला नसतो. तो तीन ते चारच्या दरम्यान येतो. हवा थेट सूर्याने फारशी तापत नाही, तिला तापवते जमीन. माध्यान्हीनंतर सूर्य कलू लागला तरी बराच वेळ जमिनीला मिळणारी उष्णता तिने सोडलेल्या उष्णतेपेक्षा जास्तच असते. ही आवक-जावक जुळेपर्यंत पारा चढत राहतो.

म्हणजे बीडला उन्हाळ्यात तीन दुपारी असतात. एक घड्याळाची, दुसरी सूर्याची आणि तिसरी तडाख्याची. वर्षभर आपण पहिलीवर चालतो. उन्हाळ्यात मात्र इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तिसरी दुपार मानली. त्यांनी तिच्या दोन बाजूंना दोन वेगळे दिवस वसवले. एक पहाटेपासून दहापर्यंतचा, दुसरा ऊन उतरल्यापासून मध्यरात्रीपर्यंतचा. मधला वेळ सावलीचा. या मोडलेल्या दिवसामागे भूगोल, भौतिकशास्त्र आणि आपल्या शरीराची रचना असं तिघांचं मेतकूट आहे.

तांबडं फुटायच्या आधी

मेच्या मध्याला बीडचा सूर्य सहाला सात-आठ मिनिटं कमी असताना उगवतो. गावं त्याच्या कितीतरी आधी जागी झालेली असतात. शेतात नांगरट चाललेली असते, कारण बैलांना आणि बैलांमागच्या माणसाला दहानंतर उभं राहवत नाही. अंगणात चूल पेटलेली असते. तीन दिवस भिजवलेल्या, रोज पाणी बदललेल्या गव्हाचा चीक आदल्या दिवशी काढून ठेवलेला असतो. वरचं निवळ पाणी ओतून तो चुलीवर हाटायचा, गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि बाजेवर पसरलेल्या जुन्या साडीवर कुरडया घालायच्या. हे सगळं उन्हं वर यायच्या आत आटोपायला हवं. हाटताना चुलीची धग सोसावी म्हणून पहाट गाठायची, आणि वाळायला अख्खा दिवस मिळावा म्हणूनही. चीक ओला राहिला तर आंबतो. संध्याकाळपर्यंत कुरडई वरून तरी खडखडीत झाली पाहिजे.

बीडच्या उन्हाळ्यात ती होते. याचं कारण, या जिल्ह्याच्या उन्हाळ्याची किल्ली हवेच्या कोरडेपणात आहे. मुंबईत मे महिन्यात दिवसा तेहेतीस-चौतीस आणि पहाटे सत्तावीस, म्हणजे सहा-सात अंशांचाच फरक. बीडला दुपारी चाळिशी गाठणारा पारा पहाटे पंचविशीपर्यंत उतरतो. समुद्र लांब आणि गाव बालाघाटाच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास. हवेतली बाफ रात्री जमिनीवर वाकळीचं काम करते, जमिनीतून निघालेली उष्णता अडवून परत खाली पाठवते. बीडच्या उन्हाळी रात्रीवर ही वाकळ फार पातळ असते. दिवसभराची धग आकाशात निघून जाते आणि सूर्य उगवायच्या सुमाराला दिवसातला सर्वांत थंड क्षण येतो. पहाटे उठणारा माणूस आपल्या हवामानाने दिलेली पंधरा अंशांची सवलत घेत असतो. मुंबईकर चारला उठला तरी त्याला ती मिळायची नाही.

सकाळची शाळा याच सवलतीवर चालते. मार्च-एप्रिलमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळा पहाटेच्या गारव्यात भरतात आणि ऊन तापायच्या आत सुटतात. रोजगार हमीच्या कामांवरही हीच तऱ्हा दिसते. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात हजारो हात पाझर तलावांवर, रस्त्यांवर, खडी फोडायला लागले. त्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. त्यात मजुरी झालेल्या कामाच्या मापावर ठरवण्याची पद्धत होती. मापावर काम असलं की घड्याळाची सक्ती ढिली होते. पहाटे पाचला सुरू करा, चौकडी खणून दहाला घरी जा. या पद्धतीवर इतर अनेक वाद झाले, पण उन्हाळ्यापुरती तिने मजुराच्या हातात एक गोष्ट दिली, कामाची वेळ.

माठ काय ओळखतो

अक्षय तृतीयेला, आपल्याकडच्या बोलीत आखितीला, घरात नवा माठ येतो. करा-केळीची पूजा होते, पितरांना आंब्याचा घास जातो आणि मगच आंबा तोंडाला लागतो. पूजेच्या आड एक उत्तम यंत्र घरात बसवलं जातं. त्याला वीज लागत नाही आणि त्यात हलणारा एकही भाग नसतो.

माठाच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि हवेत उडून जातं. उडून जाताना ते उष्णता घेऊन जातं, आणि किती घेऊन जातं हे ऐकून थक्क व्हायला होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत साडेपाच लिटरहून अधिक पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत नेता येईल. म्हणूनच माठाबाहेरचा थोडासा ओलावा आतल्या सगळ्या पाण्याला गार करू शकतो.

पण किती गार? याला निसर्गाने एक तळ घालून दिला आहे आणि तो मोजता येतो. तापमापीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा आणि तिच्यावर वारा घाला. पारा उतरत जातो आणि एका जागी थांबतो. त्या आकड्याच्या खाली माठ, कूलर, वाळ्याचा पडदा किंवा आपला घाम, कोणीच जाऊ शकत नाही. बीडला चाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असताना ओल्या चिंधीचा पारा बावीस-तेवीसला थांबतो. मुंबईत चौतीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता असताना तो अठ्ठावीसच्या वरच अडकतो. कागदावर मुंबई सहा अंशांनी थंड, पण तिथल्या माठाला आणि घामाला मिळणारी मोकळीक मात्र फारच थोडी. सुट्टीत मुंबईहून आलेला भाचा मामाच्या घरी पहिल्याच दिवशी विचारतो, “मामा, फ्रिज बंद असून पाणी एवढं गार कसं?” त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आपलं अंग हा दुसरा माठ. त्वचेखाली घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि कष्टाच्या कामात त्या तासाला लिटरभर घाम सहज काढतात. बीडच्या कोरड्या हवेत तो इतक्या चटकन उडतो की अंग ओलं झाल्याचं कळतच नाही, सदऱ्यावर पांढरे मिठाचे नकाशे तेवढे उमटतात. फसगत होते ती इथेच. घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायची आठवण राहत नाही. ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, भाकरीबरोबर फोडलेला कांदा ही उन्हाळी न्याहारी चवीची खरीच, पण गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणारीही आहे.

याहून नवलाची गोष्ट अशी की हा दुसरा माठ स्वतःला सुधारतो. रोज थोडं थोडं ऊन सोसलं तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मूत्रपिंड आणि घामाच्या ग्रंथी मीठ राखायला शिकतात. पाडव्यापासून हळूहळू पहाटेकडे सरकणारा दिनक्रम शरीराला नेमका हा अवधी देतो. याउलट पुण्यातल्या वातानुकूलित खोलीतून मेच्या मध्याला थेट लग्नाच्या मांडवात उतरलेल्या पाहुण्याला तो अवधी मिळालेला नसतो. त्याला जावयाचा मान देताना सावलीतली खुर्चीही द्यावी.

टळटळीत दुपार

अकरानंतर गाव मिटून जातं. रस्त्यावर एखादी वावटळ पाचोळा फिरवत जाते. तापलेल्या जमिनीलगतची हलकी हवा वर झेपावते, तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते आणि धावता धावता गोल फिरू लागते. गुरं सावलीला रवंथ करतात. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात सकाळी ओरडून रान डोक्यावर घेणारे मोरसुद्धा दुपारी झुडपांच्या बुडाशी गप्प बसतात. मधल्या वेळात थांबायचं, हा नियम माणसाने एकट्याने शोधलेला नाही.

या वेळी डोळ्यांवर येणारी झापड जेवणाची, असं आपण समजतो. जेवणाने ती वाढते, पण न जेवताही ती येतेच. १९८२ साली अलेक्झांडर बोरबेली या शास्त्रज्ञाने झोपेचं एक सुटसुटीत चित्र मांडलं. जागेपणी तासागणिक झोपेची ओढ साठत जाते, आणि त्याच वेळी मेंदूतलं घड्याळ दिवसभर जागं राहण्याचा जोर पुरवतं. दुपारी एक ते तीनच्या सुमारास साठलेली ओढ बरीच झालेली असते, तर घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून चढलेला नसतो. या फटीतून डुलकी शिरते. चारला उठलेल्या माणसाची फट आणखी रुंद असते. वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी तिला पुरते. दोन तास ताणून दिली तर माणूस गाढ झोपेतून उठतो, डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही खर्ची पडते.

आयुर्वेदाने यावर फार पूर्वी विचार केला होता. चरकसंहिता एरवी दिवसा झोपू नका असं बजावते, पण ग्रीष्माला सूट देते, रात्री लहान असतात हे कारण सांगून. बीडच्या अक्षांशावर हे मोजता येतं. डिसेंबरात रात्र तेरा तासांची, मेच्या मध्याला अकरा तासांची. त्याच ग्रंथात ग्रीष्माची जी ऋतुचर्या दिली आहे, तीत दिवसा गार घरात आणि रात्री चांदण्याने निवालेल्या, वारा खेळणाऱ्या गच्चीवर झोपावं असा सल्ला आहे. व्यायाम आणि खारट, आंबट, तिखट पदार्थ टाळावेत असंही तो ग्रंथ सांगतो.

ते गार घर आपल्याकडे होतं. हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या किंवा लिंबाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा थर, म्हणजे माळवद. बाहेरची उष्णता अशा भिंतीतून आत यायला आठ ते बारा तास घेते. दुपारची धग आतल्या खोलीत पोचते तेव्हा बाहेर रात्र झालेली असते आणि माणसं बाज घेऊन बाहेर गेलेली असतात. पत्र्याला हा विलंब माहीत नाही. ऊन पडलं की काही मिनिटांत पत्रा तापतो आणि खालची माणसं भाजून निघतात. स्लॅबचं तिसरंच. तो दिवसभर उष्णता पितो आणि नेमका झोपायच्या वेळी ती ओकायला लागतो. एकाच गल्लीतली तीन घरं, बाहेर एकच ऊन, पण तिन्ही घरांची दुपार वेगवेगळ्या वेळी होते. दिनक्रम कसा असावा हे ठरवताना छत कशाचं आहे हे आधी बघावं लागतं.

ज्यांना घरात करमत नाही, त्यांच्यासाठी लिंबाची सावली असते. पत्ते, सागरगोटे, चिंचोके, शिळोप्याच्या गप्पा. झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा गार का? पत्रा तापून खाली उष्णता फेकतो. झाड पानांच्या रंध्रांतून पाणी उडवत स्वतःला गार ठेवतं, त्यामुळे त्याचं छत तापत नाही.

आणि विहीर. सुट्टीत पाठीला डबा बांधून पोरं विहिरीत उड्या घेतात तेव्हा पाणी बर्फागत वाटतं, आणि तीच विहीर हिवाळ्यात कोमट वाटते. पाणी फारसं बदललेलं नसतं. जमिनीखाली काही मीटर गेलं की उन्हाळा-हिवाळा पोचतच नाही, तिथे वर्षभराच्या सरासरीचं तापमान असतं. बीडला ते सव्वीस-सत्तावीसच्या आसपास. चाळीस अंशांच्या हवेतून सव्वीसच्या पाण्यात पडलेल्या पोराला ते गार लागणारच. जमिनीखालचा हा स्थिरपणा बीडने मोठ्या प्रमाणावर वापरला त्याची खूण शहराच्या दक्षिणेला आहे. निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने खजाना विहीर बांधली. दोन भूमिगत मार्गांनी तिच्यात पाणी येतं आणि तिसऱ्या मार्गाने ते शेतीकडे जातं. दुष्काळातही तिची पातळी टिकून राहते अशी तिची ख्याती आहे. जमिनीखालून वाहणारं पाणी उन्हाला दिसत नाही, त्यामुळे ते वाटेत उडूनही जात नाही.

ऊन उतरल्यावर

साडेपाचला अंगणात सडा पडतो आणि दुसरा दिवस सुरू होतो. सडा टाकला की माती गार होते, कारण पुन्हा तेच, उडणारं पाणी. बाजार भरतो, भाज्या निवडल्या जातात, पोरं मैदानात उतरतात. लग्नं गोरज मुहूर्तावर लागतात, गुरं रानातून परतायच्या वेळी. तो मुहूर्त शुभ आहेच, शिवाय त्या वेळी वऱ्हाडाला मांडवात बसवतं.

काही वर्षी या दुसऱ्या दिवसाला आणखी रंग चढतो. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ साली तो मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आला. बीडच्या उन्हात तेरा तासांहून जास्त वेळ पाण्याचा थेंब न घेता काढायचा. ज्यांनी रोजे धरले त्यांनी सगळं जगणं रात्रीकडे सरकवलं. सहरीला उठणं, दुपारी निजणं, इफ्तारनंतर बाजार. घड्याळ तेच होतं, त्यावर लावलेली कामं तेवढी बदलली.

मग रात्र. बाज, सतरंजी, वाकळ गच्चीवर जाते. निजायचं म्हणजे शरीराला आतलं तापमान अर्धा-एक अंशाने उतरवावं लागतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त आतली उष्णता कातडीकडे आणून सोडतं. कोंदट खोलीत ती घेणारं कोणी नसतं. गच्चीवर वारा तर असतोच, पण आणखी एक गिऱ्हाईक असतं, आकाश. आपल्या अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांतल्या आठ ते तेरा मायक्रॉन लांबीच्या लहरींना कोरडी, निरभ्र हवा अडवत नाही. त्या सरळ अवकाशात निघून जातात. गच्चीवर उताणा झोपलेला माणूस आपली दिवसभराची धग अक्षरशः ताऱ्यांमधल्या काळोखाला देत असतो.

हे खरं वाटत नसेल तर एक जुना पुरावा आहे. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं की हिंदुस्थानात लोक बर्फ तयार करतात. अलाहाबादकडे हिवाळ्यात खड्ड्यांत पेंढा पसरून त्यावर उथळ मातीची भांडी ठेवत, रात्री त्यांत पाणी ओतत आणि पहाटे बर्फ गोळा करत. हवेचं तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हे जमत होतं. मातीच्या भांड्यातून पाणी उडत होतं, पेंढा जमिनीची ऊब अडवत होता आणि मोकळं आकाश बाकीची उष्णता ओढून घेत होतं. आपल्या गच्चीवर बर्फ होत नाही, पण झोप लागते.

पट्टा पडल्यावर

बीडच्या उन्हाळ्याला आणखी एक अर्थ आहे, तो इतर जिल्ह्यांना चटकन कळायचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाशेजारची कोपी. तिथे वेळापत्रक कारखान्याचं आणि ट्रकचं. काळोखात फडात शिरायचं, आणि गाडी रात्री आली तर रात्री मोळ्या वाहायच्या. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, आणि माणसं परततात. देशातल्या पुष्कळ लोकांसाठी उन्हाळा म्हणजे घर सोडून गारव्याला जाणं. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, केजकडच्या कितीतरी कुटुंबांसाठी उन्हाळा म्हणजे घरी येणं. सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या वेळेवर उठणं. लग्नं, देवदेव, घराची डागडुजी, वाळवण, सगळं या दोन-अडीच महिन्यांत बसवलं जातं. ऊनही याच महिन्यांतलं, त्यामुळे दिवस मोडून दोन करायची युक्ती त्यांना चैन म्हणून सुचत नाही. कामं उरकायची तर दुसरा उपाय नसतो.

मुलांचं काय? सुट्टीत वेळापत्रक ढिलं पडावं, त्यातच सुट्टीची गोडी आहे. पण किती ढिलं, याचंही उत्तर शरीर देतं. मेंदूत डोळ्यांचे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. तो आपलं मुख्य घड्याळ. १९९९ साली हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने माणसांना मंद उजेडात, कृत्रिम अठ्ठावीस तासांचे दिवस जगायला लावलं. बाहेरची वेळ कळायला काही नसताना त्यांचं आतलं घड्याळ कसं चालतं हे पाहिलं. ते सरासरी चोवीस तास आणि दहा-अकरा मिनिटांचं निघालं. आपल्यातल्या बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडत असतं आणि सकाळचा उजेड ते रोज जुळवून देतो.

म्हणून सुट्टीत रात्री जागलेलं आणि उजेड चढेपर्यंत निजलेलं पोर हळूहळू उशिराकडे घसरत जातं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ते घरातल्या घरात परदेशातून आल्यासारखं वागतं. मोबाइलचा उजेड या घसरणीला हातभार लावतो. पाठांतर, शिबिरं, तासांचे तक्ते यांची सक्ती नाही केली तरी चालेल. उठण्याची वेळ तेवढी साधारण एक ठेवावी आणि उठल्यावर मूल उघड्यावर यावं. गच्चीवर झोपलेल्या पोराला हे कोणी सांगावं लागत नाही, ऊनच त्याच्या अंगावरची वाकळ ओढतं. तो एक खुंटा पक्का असला की बाकी दिवस मोकळा सोडता येतो. सकाळी विहीर, मग कुरडया राखणं आणि अधूनमधून ओला चीक चोरणं, दुपारी लिंबाखाली डाव, संध्याकाळी मैदान. क्रम मागेपुढे झाला तरी बिघडत नाही.

ज्यांना दिवस मोडता येत नाही

हे सगळं ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याचं. वीटभट्टीवरचा मजूर, बांधकामावरचा गवंडी, दुपारी पार्सल पोचवणारा तरुण, एसटीचा चालक यांना तडाख्याची दुपार टाळता येत नाही. २०१० साली अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने मोठी मनुष्यहानी झाली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आगाऊ इशारे, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी आणि उन्हात काम करणाऱ्यांच्या वेळा बदलण्याचा सल्ला ही त्याची अंगं. बीडचे शेतकरी न सांगता जे करत आले तेच यातलं शेवटचं अंग. फरक इतकाच, की मजुराची वेळ बदलायला मालकाची संमती लागते. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, भान हरपलं, अंग चटके बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ला फोन लावावा.

आता करून पाहण्यासारखं एक काम. सुट्टीतल्या मुलांना दोन साधे तापमापी द्या. एक उघडा टांगा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी बांधा. सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि रात्री नऊ असे आकडे वहीत लिहू द्या. एप्रिलमध्ये दोन्ही पाऱ्यांत मोठी दरी दिसेल. ती दरी म्हणजे त्या दिवशी माठाला, कूलरला आणि घामाला मिळालेली मोकळीक. जेव्हा दरी मोठी, तेव्हा कुरडया घाला. मेच्या अखेरीस एक दिवस असा येईल की उघडा पारा दोन अंश उतरलेला असेल, तरी चिंधीचा पारा वर चढलेला असेल. घरात कोणीतरी म्हणेल, “आज माठातलं पाणी गार नाही लागलं.” कूलर नुसता ओला वारा फेकत राहील आणि घाम पहिल्यांदाच अंगावरून ओघळेल. अरबी समुद्राकडची बाफ बालाघाटावर पोचू लागल्याची ती वर्दी.

त्या दिवसापासून मेहनतीचं काम आणखी आवरतं घ्यावं, कारण तापमान कमी दिसत असलं तरी अंगाला ते जड जातं. राहिलेलं वाळवण डब्यात भरावं, नांगरट उरकावी, बियाण्याची चौकशी करावी. आणि गच्चीवर निजताना जिन्याचं दार उघडं ठेवावं. वळीव सांगून येत नाही. पहिल्या चार टपोऱ्या थेंबांना अख्ख्या गल्लीतली माणसं उश्या-वाकळा काखेत मारून एकदम खाली पळतात, आणि त्या रात्री कोणाचंच वेळापत्रक चालत नाही.